बिल्लेवाले आणि ताईची बाजू

माझे साडू शाळांचे बिल्ले करतात. गणवेशाच्या खिशावर शिवतात ना, तो कापडी बिल्ला. दोऱ्याने भरलेलं शाळेचं चिन्ह आणि खाली नाव. पहारेकऱ्यांच्या खांद्यावरच्या फिती, खेळाडूंच्या टोप्यांवरची अक्षरं अशीही कामं येतात, पण ओळख बिल्ल्यांचीच. सगळे त्यांना बिल्लेवाले म्हणतात. मी साडूबुवा म्हणतो आणि ते मला धाकटे म्हणतात, कारण माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. माझी सत्तरी उलटली, दाढा गेल्या, तरी त्या घरात मी धाकटेच.

रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचा कारखाना. तिथे भरतकामाचं मशीन आहे, आडव्या कपाटाएवढं. ते चालू असलं की टेबलावरचा पाण्याचा पेला हळूहळू कडेकडे सरकतो. येणाराजाणारा तो उचलून मागे ठेवतो, कुणी त्यावर काही बोलत नाही. खिडकीखाली कॉम्प्युटर. मशीनला नक्षी पाठवायची ती या कॉम्प्युटरमधून, आणि तीही एकाच जुन्या प्रोग्राममधून. तो प्रोग्राम दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही. नवा घ्यायचा तर मशीनही नवं घ्यावं लागेल, आणि या वयात ते कोण घेतो.

हा कॉम्प्युटर म्हणजे एका घरात दोन बिऱ्हाडं. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. वरची ओळ ताईची, खालची बिल्लेवाल्यांची. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. खालच्या ओळीत ती जुनी व्यवस्था, जिच्यात नक्षीचा प्रोग्राम चालतो. वरच्या ओळीत नवी, जिच्यात ताई परदेशातल्या लेकीशी आणि नातीशी समोरासमोर बोलायची. एका वेळी एकच बाजू उघडते. दुसरीत जायचं तर सगळं बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. काही केलं नाही तर थोडं थांबून आपोआप ताईची बाजू सुरू होते. बिल्लेवाल्यांना आपल्या बाजूला जायचं असेल तर उभं राहून वेळेत खालचा बाण दाबावा लागतो. चुकलं की ताईच्या बाजूचं निळं चित्र येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

ही व्यवस्था करून दिली होती फुंकरने. फुंकर म्हणजे जिन्याखालच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई. कुठलाही डबा उघडला की आधी आत फुंकर मारते, म्हणून ताईने तिला हे नाव ठेवलं, आणि तिनेही ते राग न मानता घेतलं. दोघींची गट्टी होती.

"तुझी बाजू वर का?" बिल्लेवाले विचारायचे.

"मी वर बसते म्हणून," ताई म्हणायची. "तुम्ही दिवसभर वापरता, तुम्हाला एकदा वाकायला काय होतं?"

"पोटासाठी वापरतो."

"मग पोटाने दाबा बाण."

हे भांडण मी किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. एक तक्रार मात्र ताईची खरी होती. कॉम्प्युटर जुना, मेमरी थोडी. तिच्या बाजूला नात बोलायला लागली की तिचं तोंड हलायचं आणि डोळे जागेवर थिजायचे, किंवा उलट. "अर्धीच नात दिसते हो मला," ती म्हणायची. "याच्यात मेमरी घालून घ्या." बिल्लेवाले म्हणायचे, "हंगाम संपू दे." शाळांचा हंगाम संपला की पहारेकऱ्यांचा सुरू व्हायचा.

ताई गेली. छातीत दुखतं म्हणाली, रिक्षा येईपर्यंत संपलं. लोक आले, गेले. लेक नातीला घेऊन आली आणि परत गेली. बिल्लेवाले रडले नाहीत. मशीनजवळच्या स्टुलावर बसून राहिले. कुणी जेवायला बोलावलं की उठायचे, दोन घास खायचे, परत स्टुलावर. माझी बायको म्हणाली, "दाजींना रडायला सांगा हो." मी काय सांगणार. मी जन्मभर वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. मला फार तर शांत बसायला सांगता येतं.

थोड्याच दिवसांत त्यांचा मुलगा घड्या घातलेले पुठ्ठ्याचे खोके घेऊन आला. पलीकडच्या वस्तीत त्याचं घर आहे, चौथ्या मजल्यावर. "बाबा, इथे एकटे राहायचं नाही," तो म्हणाला. "मशीन विकू. माझ्याकडे चला."

"काम आहे."

"कुठलं काम? मशीनवरचं कापड तरी काढलंय का तुम्ही?"

"नव्या शाळेचे बिल्ले आहेत. शाळा उघडायच्या आत द्यायचेत."

मुलगा वाईट नाही, हे मी मुद्दाम लिहितो. बापाला एकटं सोडायची त्याला भीती वाटत होती. "ठीक आहे," तो म्हणाला. "हे बिल्ले वेळेवर गेले तर तुम्ही इथे राहा, मी परत विषय काढणार नाही. नाही गेले तर खोके भरायचे. काका, तुम्ही साक्षी." काका म्हणजे मी. खोके त्याने दाराआड उभे करून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथेच होतो. पार्सलवाला आला आणि त्याने ताईचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "आहेत का?"

"नाहीत," बिल्लेवाले म्हणाले. "मी घेतो."

"कोण तुम्ही त्यांचे?"

त्याला ते विचारावंच लागतं. बिल्लेवाले जरा विचार करून म्हणाले, "खालच्या ओळीतला." पार्सलवाल्याला काही कळलं नाही. सही घेऊन तो गेला.

आत बोटभर लांबीची हिरवी पट्टी होती. मेमरी. ताईने फुंकरला सांगून परस्पर मागवली होती. त्यांनी ती दोन्ही बाजूंनी पाहिली. "घालून टाकू," म्हणाले. ओलं कापड वाळत घालायचं म्हणावं, तसं.

फुंकरचा गाळा बंद होता. तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून ती परगावी गेली होती. तेव्हा आम्ही दोघा म्हाताऱ्यांनीच डबा उघडला. जुन्या पट्टीशेजारी एक खाच रिकामी होती. दोन्हीकडच्या खिट्ट्या फाकवून पट्टी दाबली, कट् असा आवाज झाला आणि खिट्ट्या आपोआप मिटल्या. सुरू केलं. बाण दाबायला ते विसरले आणि ताईची बाजू उघडली. इतक्या लवकर ती कधीच उघडली नव्हती.

"लागली," मी म्हणालो.

मग बंद करून पुन्हा सुरू केलं, बाण दाबला. त्यांची बाजू अर्धवट येऊन थांबली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य.

"काय म्हणतोय, धाकटे?"

मी चष्मा पुसून वाचलं. "म्हणतोय, सुरू करायला मेमरी अपुरी आहे."

"अपुरी? आता तर वाढवली."

"असं लिहिलंय खरं."

त्यांनी पट्टी काढली, खोडरबराने तिचे सोनेरी दात घासले, पुन्हा घातली. अपुरी. पट्ट्यांच्या जागा आपसात बदलल्या. अपुरी. प्रत्येक वेळी ताईची बाजू मात्र हसतखेळत उघडत होती. तिथे मी मेमरीचा आकडा शोधून वाचला, तोही बरोबर होता. म्हणजे पट्टी चांगली. मग खोट कुठे?

"कमी पडतेय म्हणतोय ना," बिल्लेवाले म्हणाले, "मग आणखी आणू." मलाही ते पटलं. पोरगं भूक लागली म्हणून ओरडत असेल तर वाढायचं, दुसरं काय करणार? बाजारात जुन्या वस्तू विकणाऱ्याकडे तशीच पट्टी मिळाली. मूळची छोटी पट्टी काढून तिच्या जागी ही दुसरी घातली. ताईची बाजू आणखी पळायला लागली. खालची ओळ दाबली तर पुन्हा तेच वाक्य. शब्दही बदलला नाही.

माझी बायको जेवणाचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "दोघांनी मिळून ताईचंच घर भरलंत की." मग तिचं तिलाच कसंतरी झालं आणि ती भांडी घासायला आत गेली. बिल्लेवाल्यांनी ते ऐकलंच नसावं. ते स्टुलावर बसून हातातल्या खोडरबराकडे बघत होते.

असे दिवस गेले. मुलगा संध्याकाळी फोन करायचा, "झालं का सुरू?" मी म्हणायचो, "बघतोय." शाळेच्या शिपायाने एकदा येऊन चौकशी केली. कापड पडून होतं, दोऱ्यांचे कोन चढवलेले होते, सगळं तयार होतं. फक्त नक्षी मशीनपर्यंत पोचत नव्हती.

एका दुपारी मशीनची सुई अडकू नये, गंज धरू नये म्हणून त्यांनी ते जुन्याच एका नक्षीवर नुसतं फिरवायला घेतलं. मशीनच्या पोटात शेवटची पाठवलेली एक नक्षी राहते, तेवढी ते एकटं भरू शकतं. थोडं चालून मशीन थांबलं. लाल दिवा लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"दोरा तुटला म्हणतंय." ते उठले, वाकून बघितलं, आणि वाकलेलेच राहिले.

"तुटलाय?"

"नाही." त्यांनी बोटाने दोरा उचलून दाखवला. सुईपाशी त्याची सैल वेटोळी झाली होती. "सैल पडलाय. जास्त सुटला की दोरा त्या तारेला लागत नाही. तारेला वाटतं, दोरा नाहीच. याला एवढंच बोलता येतं. कमी झाला तरी तुटला, जास्त झाला तरी तुटला."

ते दोऱ्याचा ताण घट्ट करायला लागले. करता करता थांबले. मग कॉम्प्युटरकडे बघितलं.

"धाकटे, त्या दोन्ही काढा. जुनी छोटी घाला. एकटीच."

मी घातली. त्यांनी बाण दाबला. खालची बाजू नेहमीसारखी, रखडत, खोकत उघडली. नक्षीचा प्रोग्राम आला. नव्या शाळेचं चिन्ह, एक मशाल आणि दोन पानं, पडद्यावर आलं. त्यांनी नमुन्याचा एक बिल्ला भरला. मशीन धडधडलं आणि पेला सरकायला लागला. तो मी उचलून मागे ठेवला.

मी मुलाला फोन केला. "झालं," म्हणालो. "मेमरी जास्त झाली होती." तो हसला. ताई गेल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी तो आला तेव्हा मशीन बंद होतं. डबा उघडा होता. बिल्लेवाल्यांनी ताईची पट्टी परत घातली होती आणि पडद्यावर तेच वाक्य होतं, अपुरी.

"बाबा, चालू झालेलं तुम्ही बंद केलंत?"

"ही लावायची आहे."

"मग बिल्ले झाल्यावर लावा!"

"झाल्यावर म्हणजे हंगाम संपल्यावर," बिल्लेवाले म्हणाले. आवाज चढला नाही. "तसं मी बरंच म्हटलंय."

"आईची बाजू आता वापरणार कोण?"

बिल्लेवाले पट्टीच्या खिट्ट्या मिटल्यात ना, हे बोटाने चाचपत राहिले.

मुलगा माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही तरी सांगा. बिल्ले द्यायचेत परवा. असं वागणाऱ्या माणसाला मी एकटं कसं ठेवू इथे?" त्याने दाराआडचा एक खोका ओढला आणि घड्या उघडून चौकोनी केला. तळाला चिकटपट्टी लावताना ती त्याच्या बोटांना चिकटत होती, तो झटकत होता. मला बोलायला हवं होतं. मी पेला उचलला आणि मागे ठेवला. मशीन बंद होतं, पेला जागचा हललाही नव्हता.

आतून माझी बायको आली. "खोका नंतर भर," ती भाच्याला म्हणाली. "फुंकर आलीये गावाहून. मी गाळ्याचं दार उघडं बघितलं. आधी तिला बोलवून आण जा. आणि येताना तोंड जरा बरं करून ये, आईसारखं दिसतं रागावल्यावर."

फुंकर आली. तिला ताईचं परगावीच कळलं होतं. ती बिल्लेवाल्यांच्या समोर उभी राहिली, काहीतरी बोलणार होती, पण तिने डब्यात फुंकरच मारली. मग डोळे पुसले. धूळ गेली असेल.

आम्ही काय काय केलं ते मी सांगितलं. दुसरी पट्टी आणल्याचंही सांगितलं.

"कमी म्हणाला म्हणून आणखी घातलीत?" ती म्हणाली.

"तसं लिहिलं होतं," मी म्हणालो.

"लिहिलं होतं खरं, काका. चूक तुमची नाही." ती स्टूल ओढून बसली. "ही जुनी बाजू ज्या काळातली आहे, त्या काळी एवढी मेमरी कुणाच्या घरात नसायची. एकदम एवढी दिसली की हिचा हिशेबच कोलमडतो. मग हिला जे एक वाक्य येतं ते बोलते."

"लाल दिवा," बिल्लेवाले म्हणाले.

"काय?"

"काही नाही. पुढे."

"पुढे म्हणजे, पट्टी काढायची किंवा हिला समजावायचं. तिच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन ओळी लिहायच्या. इथपर्यंतच बघ, पलीकडचं तुझं नाही. मग ती आपल्यापुरतं घेईल आणि ताईंच्या बाजूला सगळं मिळेल."

मुलाने चिकटपट्टी खाली ठेवली. "हे होतं?"

"होतं. पण तुमची बाजू तर उघडतच नाही, मग लिहायचं कुठून?" ती बिल्लेवाल्यांकडे बघून म्हणाली. "ताईंच्या बाजूने जावं लागेल. तिकडून तुमच्या फाइली दिसतात."

"तिला माझं सगळं दिसायचं?"

"पहिल्यापासून."

बिल्लेवाले थोडे बाजूला सरकले आणि तिला जागा दिली. बाण न दाबता ती थांबली. ताईचं निळं चित्र आलं. कोपऱ्यात नातीचा फोटो होता, पुढचे दोन दात पडलेले. फुंकरने कुठेकुठे जाऊन एक फाइल उघडली, दोन ओळी लिहिल्या, मला वाचायला सांगितल्या. मी वाचल्या, एक आकडा चुकला होता, तो तिने सुधारला. मग बंद, पुन्हा सुरू. बिल्लेवाल्यांनी उभं राहून खालचा बाण दाबला.

आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. वाक्य आलं नाही. ती बाजू नेहमीसारखी रखडत उघडली.

"झालं," फुंकर म्हणाली.

"बरं," बिल्लेवाले म्हणाले, आणि कापड रिंगेत ताणायला लागले.

पुढचा सगळा दिवस मशीन चाललं. मी बिल्ल्यांच्या मागचे दोरे कापत होतो, मुलगा सुट्टी घेऊन आला होता, तो बिल्ले सुटे करत होता. बापलेक बोलत नव्हते, पण कात्री मागितली की मिळत होती. शेवटी झालेले बिल्ले ठेवायला काही हवं म्हणून मुलाने आदल्या दिवशी उघडलेला खोकाच पुढे केला. त्यात ते छान बसले. बाकीचे खोके त्याने जाताना गाडीत टाकले. "पुढच्या रविवारी येतो," एवढंच म्हणाला. विषय काढला नाही.

फुंकर पट्टी नीट बसलीये का बघायला पुन्हा येऊन गेली. जाताना म्हणाली, "दाजी, एक करून देते. आता तुमचीच बाजू आपोआप उघडू दे. रोज उठून बाण दाबायला नको."

"राहू दे," बिल्लेवाले म्हणाले.

"अहो, एका मिनिटाचं काम आहे."

"असू दे. मला सवय आहे."

मी आठवड्यातून दोनदा जातो. ते बिल्ले भरतात, मी दोरे कापतो. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की ते काळ्या पडद्यासमोर उभे राहतात आणि बाण दाबतात. कधी कधी दाबत नाहीत. मग ताईची बाजू उघडते, खरंच फार लवकर उघडते. नातीची शाळा सुटलेली असली तर ती बोलते, आणि तिचे डोळे आणि तोंड बरोबरच हलतात. बिल्लेवाले हं, हं, म्हणतात. बोलणं संपलं की सगळं बंद करून पुन्हा सुरू करतात आणि उभे राहतात.